तंबाखूचे व्यसन आणि आयुर्विम्याचा हप्ता

दर आठवड्याला या सदरात आपण एखाद्या आजाराची माहिती घेतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. गेल्या काही दिवसांत तीन-चार वाचकांनी साधारण एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर, आयुर्विम्याच्या फॉर्मवर तंबाखूविषयी विचारतात. खरे लिहिले तर हप्ता वाढतो म्हणे. मग लिहावे की लिहू नये?" एका वाचकाने तर पुढे असेही विचारले आहे, "मी दिवसाला फक्त चार विड्या ओढतो, सिगारेटला हातही लावत नाही. मला धूम्रपान करणाऱ्यांत कसे धरता?"

प्रश्न विम्याचा असला तरी त्याचे मूळ आरोग्यात आहे. माझ्या दवाखान्यात रुग्णांबरोबरच विमा घेऊ इच्छिणाऱ्यांचीही तपासणी मी गेली अनेक वर्षे करीत आलो आहे. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजू मला जवळून पाहायला मिळाल्या. त्या आधारावर आज हा विषय सोपा करून सांगण्याचा प्रयत्न करतो.

हप्ता कसा ठरतो?

विमा म्हणजे अनेकांनी मिळून केलेली वर्गणी. ज्याच्या घरावर संकट कोसळेल त्याच्या कुटुंबाला त्या वर्गणीतून रक्कम द्यायची, एवढेच त्याचे मूळ तत्त्व. कोण कधी जाणार हे कोणालाच सांगता येत नाही. मात्र एकाच वयाची हजार माणसे घेतली तर त्यांपैकी वर्षभरात साधारण किती दगावतील, याचा अंदाज बांधता येतो. विमागणिती, म्हणजे ज्यांना ॲक्चुअरी म्हणतात ते तज्ज्ञ, हेच काम करतात. त्यासाठी त्यांच्यापाशी वयानुसार तयार केलेली मृत्युसारणी असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, तंबाखू न घेणाऱ्या एकाच वयाच्या हजार माणसांनी प्रत्येकी १० लाखांचा विमा उतरवला आणि वर्षभरात त्यांपैकी दोघे दगावले. कंपनीला २० लाख रुपये द्यावे लागतील. ते हजार जणांत वाटले तर प्रत्येकी २,००० रुपये वर्गणी बसते. आता दुसरीकडे त्याच वयाची तंबाखू घेणारी हजार माणसे आहेत आणि त्यांपैकी चौघे दगावले. आता ४० लाख द्यावे लागतील आणि वर्गणी ४,००० रुपये होईल. प्रत्यक्षात यात कंपनीचा खर्च, नफा, व्याज अशा गोष्टी मिसळतात, पण गाभा हाच. जादा हप्ता हा व्यसनाबद्दलचा दंड नसून जादा मृत्यूंचा हिशेब आहे.

हा फरक सर्वांत जास्त दिसतो तो मुदतीच्या विम्यात, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात. त्यात हप्ता जवळजवळ सगळा जोखमीचाच असतो. अशा विम्यात तंबाखू घेणाऱ्याचा हप्ता सर्वसाधारणपणे दीडपट ते जवळजवळ दुप्पट निघतो. वय, मुदत आणि कंपनी यांनुसार हा आकडा बदलतो. पैसे परत मिळणाऱ्या बचतीच्या पॉलिसीत मात्र हप्त्याचा मोठा भाग बचतीचा असतो. तेथे बहुधा धूम्रपान करणाऱ्यांसाठी वेगळा दर छापलेला नसतो. म्हणूनच वडिलांच्या पिढीतल्या अनेकांनी हा प्रश्न कधी ऐकलाच नाही.

हे गणित आले कोठून?

तंबाखूमुळे आयुष्य घटते हे विमा कंपन्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, असे मुळीच नाही. अमेरिकेत रेमंड पर्ल या शास्त्रज्ञाने १९३८ साली धूम्रपान करणारे आणि न करणारे यांच्या आयुर्मानाची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा धूम्रपान करणारे लवकर जातात हे दिसले. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा अहवाल आला आणि सिगारेटमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे सरकारी पातळीवर मान्य झाले. त्याच वर्षी स्टेट म्युच्युअल नावाच्या अमेरिकी विमा कंपनीने सिगारेट न ओढणाऱ्यांना कमी हप्त्याची पॉलिसी देऊ केली. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सुरुवात ओढणाऱ्याचा हप्ता वाढवण्यापासून झाली नाही, न ओढणाऱ्याला सवलत देण्यापासून झाली. पुढे १९७९ साली याच कंपनीने आपल्या विमाधारकांचे आकडे मांडले, तेव्हा दोन गटांतील मृत्यूंचे अंतर अपेक्षेपेक्षाही मोठे निघाले. त्यानंतर वेगळे दर ठेवण्याची पद्धत सर्वत्र पसरली.

ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफोर्ड हिल यांनी १९५१ साली चक्क डॉक्टरांचाच अभ्यास सुरू केला. सुमारे ३४ हजार पुरुष डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यू यांची पन्नास वर्षे नोंद ठेवली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, आयुष्यभर सिगारेट ओढणारा माणूस न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो.

आपल्याकडे ही पद्धत उशिरा आली. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झाले आणि पुढची चार दशके आयुर्विमा म्हटले की महामंडळच असे चित्र होते. २००० सालापासून खासगी कंपन्या आल्या, मुदतीच्या विम्यात स्पर्धा सुरू झाली आणि 'धूम्रपान न करणारा' हा वेगळा दर लोकांच्या कानावर पडू लागला. महामंडळाने २०१९ साली आणलेल्या 'जीवन अमर' योजनेतही असे दोन दर होते. कमी दर हवा असेल तर लघवीची कोटिनीन चाचणी द्यायची, नाहीतर धूम्रपान करणाऱ्याचा दर लागू, असा त्यातला नियम होता.

"मी तर फक्त विडीच ओढतो!"

आता चार विड्यांच्या प्रश्नाकडे वळू. विडी आकाराने लहान, तंबाखू कमी, वर पान, तेव्हा ती सौम्य असा एक समज आहे. २००८ साली भारतातील मृत्यूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात विडी ओढणाऱ्या पुरुषांचे आयुष्य सुमारे सहा वर्षांनी, विडी ओढणाऱ्या स्त्रियांचे सुमारे आठ वर्षांनी आणि सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचे सुमारे दहा वर्षांनी घटलेले आढळले. हृदयविकार आणि फुप्फुसाचे रोग यांच्या जोडीला आपल्याकडे क्षयरोगानेही या मंडळींचे बळी जास्त घेतले होते.

आणि "फक्त चार" म्हणाल, तर हृदय असे मोजमाप पाळत नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष आले. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यात दिसले. विमा कंपनी चार आणि चौदा यांत फार भेद का करीत नाही, याचे एक कारण येथे सापडते. दुसरे कारण व्यवहारातले. चार म्हणणाऱ्याच्या चारच असतात, हे तपासणार कोण?

आपल्या भागात याहून मोठा प्रश्न आहे तो न ओढल्या जाणाऱ्या तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी साधारण चौथा हिस्सा लोक तंबाखू खाणारे किंवा लावणारे आढळले. ओढणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने फारच कमी होते. चुना लावून मळलेला विडा, मावा, तपकीर आणि घरोघरी दात घासण्यासाठी लावली जाणारी मिश्री हे सगळे तंबाखूच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण मला दिसतातच. मिश्री लावणाऱ्या भगिनी तर मनापासून म्हणतात, "अहो, मी कसलेच व्यसन करीत नाही." त्या खोटे बोलत नसतात. मिश्रीला व्यसन म्हणतात हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते. विम्याच्या फॉर्मवर बहुधा 'कोणत्याही स्वरूपातील तंबाखू' असे शब्द असतात. त्यात मिश्रीही येते.

तपासणीत काय पाहतात?

प्रस्तावपत्र भरून गेले की ते विमा कंपनीतील जोखीम तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर जाते. त्याला अंडररायटर म्हणतात. त्याची पद्धत शाळेतल्या गुणांसारखी असते, फक्त उलटी. सर्वसाधारण निरोगी माणसाची जोखीम १०० धरतात. रक्तदाब, मधुमेह, वजन, आई-वडिलांचे आजार, व्यवसायातील धोके यांनुसार त्यात आकडे मिळवतात किंवा वजा करतात. बेरीज वाढेल तसा हप्ता वाढतो, आणि ती फारच वाढली तर प्रस्ताव पुढे ढकलतात किंवा नाकारतात. ही रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या एका कंपनीत बसवली गेली आणि थोड्याफार फरकाने जगभर तीच चालते. तंबाखूच्या जोडीला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर बेरीज झपाट्याने चढते, कारण हे तिघेही एकाच रक्तवाहिनीवर हल्ला करतात.

शारीरिक तपासणीत माझ्यासारखा डॉक्टर वजन, उंची, रक्तदाब, छाती तर पाहतोच, पण बोटांवरचे पिवळे डाग, दातांचा रंग, हिरड्या आणि गालाच्या आतील बाजूचे पांढरे चट्टेही पाहतो. तोंड उघडायला सांगून स्वतःची तीन बोटे उभी आत घालायला लावतो. मावा, सुपारी खाणाऱ्या कित्येक तरुणांची दोनच बोटे कशीबशी जातात. रक्कम मोठी असेल तर रक्ततपासणी, हृदयाचा आलेख अशा गोष्टीही होतात.

कोटिनीन चाचणीविषयी लोकांत बरेच कुतूहल आहे. तंबाखूतील निकोटीन रक्तात गेल्यावर दोनेक तासांत निम्मे होते, परंतु शरीरात त्याचे कोटिनीन तयार होते आणि ते अधिक काळ टिकते. लघवीत ते काही दिवस सापडते. विडी, मावा, मिश्री असा भेद ही चाचणी करीत नाही. व्यसन सोडण्यासाठी निकोटीनचे च्युइंगम घेणाऱ्याच्या लघवीतही कोटिनीन येते, तेव्हा ते आधीच सांगून ठेवावे. घरातील दुसऱ्याच्या धुरामुळेही थोडे कोटिनीन दिसते, पण त्याचे प्रमाण बहुधा ठरवलेल्या मर्यादेच्या बरेच खाली असते.

लपवले तर काय होते?

"झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण विम्यात चालत नाही. मूठ उघडते ती दावा करताना, आणि तेव्हा ती उघडायला मालक जिवंत नसतो.

एका भगिनी मध्यंतरी माझ्याकडे कागदपत्रे घेऊन आल्या होत्या. यजमानांचे शिवणकामाचे दुकान. २५ लाखांचा मुदतीचा विमा घेतला होता. एजंटाने फॉर्म भरताना तंबाखूच्या रकान्यात 'नाही' लिहिले, यजमानांनी न वाचता सही केली. दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आला. रुग्णालयात दाखल करताना डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारले आणि या बाईंनी खरे ते सांगितले. केसपेपरवर नोंद झाली, '२० वर्षांपासून विडी'. यजमान वाचले नाहीत. कंपनीने रुग्णालयाचे कागद मागवले, ती ओळ वाचली आणि दावा नाकारून फक्त भरलेले हप्ते परत केले. बाईंनी मला विचारले, "डॉक्टरांना खरे सांगितले, ते माझे चुकले का?"

त्यांचे काहीच चुकले नव्हते. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असताना डॉक्टरांना खरेच सांगायचे असते. औषधयोजना त्यावर ठरते. खोटे लिहिले गेले ते फॉर्मवर, वर्षभर आधी. मी त्यांना विमा लोकपालांकडे अर्ज करायला सुचवले आणि कागद जुळवून दिले. पण अर्ज, सुनावणी यांत काळ जातो. तोवर दुकानातली दोन शिलाई यंत्रे विकली गेली होती.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. विमा कायदा १९३८ मधील कलम ४५ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने ती खोटी ठरवता येत नाही. तीन वर्षांच्या आत मात्र फसवणूक किंवा महत्त्वाची माहिती दडवणे या कारणांवर दावा नाकारता येतो. फसवणूक नसेल तर भरलेले हप्ते परत करावे लागतात. दडवलेली माहिती महत्त्वाची होती, ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर आहे. "खरे सांगितले असते तर जास्त हप्त्याने का होईना पॉलिसी मिळालीच असती," हा मुद्दा वारसाला मांडता येतो. मात्र कंपनीने फसवणुकीचा आरोप केला आणि विमाधारक हयात नसला, तर ती फसवणूक नव्हती हे सिद्ध करण्याचा भार वारसावर येतो. दुःखात बुडालेल्या विधवेने हे कसे सिद्ध करावे?

"एजंटाने भरले, मी फक्त सही केली" हा बचावही दुबळा आहे. फॉर्मवर सही करणारा त्यातील मजकुराला बांधलेला असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली गुजरातमधील एका आयुर्विमा दाव्यात स्पष्ट केले आहे.

तीन वर्षे निभावली की झाले, असा हिशेब काही जण मनात करतात. त्यांना मी एवढेच म्हणतो की, मृत्यू तीन वर्षे थांबेल याची हमी असती तर विम्याची गरजच काय होती? शिवाय हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली आणि ती पुन्हा चालू करून घेतली, की तीन वर्षांची मोजणी नव्याने सुरू होते आणि आरोग्याचा जबाबही पुन्हा लिहून द्यावा लागतो.

व्यसन सोडले तर?

येथे चांगली बातमी आहे. बहुतेक फॉर्मवर मागच्या बारा महिन्यांत तंबाखू घेतली का, असे विचारतात. काही कंपन्या त्याहून मागचेही विचारतात. सोडून पुरेसा काळ झाला असेल, तपासणी निर्दोष असेल, तर कमी दर मिळू शकतो. आधी जास्त दराने घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता मात्र आपोआप उतरत नाही. कंपनीकडे लेखी विचारणा करावी. तेथे सोय नसेल तर नवी पॉलिसी घेण्याचा विचार करता येतो. त्यात वाढलेल्या वयाचा हप्ता आणि नव्याने सुरू होणारी तीन वर्षे यांचाही हिशेब करावा. नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनी बंद करू नये.

हप्त्यातला फरक हा सगळ्यात छोटा लाभ आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या त्याच अभ्यासात साठाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांची सुमारे तीन, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांची जवळजवळ दहाही वर्षे वाचली. पैशाचेच बोलायचे तर रोज तीस रुपये तंबाखूवर गेले, की वर्षाचे १०,९५० रुपये होतात. तेवढ्यात विम्याचा हप्ता भरून निघावा. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे. आपल्या डॉक्टरांनाही संकोच न करता विचारावे.

लक्षात ठेवण्यासारखे

१) फॉर्म स्वतः वाचावा. तंबाखूचा रकाना स्वतःच्या हाताने भरावा किंवा डोळ्यांदेखत भरून घ्यावा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नये.

२) विडी, मावा, तपकीर, मिश्री यांपैकी जे घेत असाल ते, किती आणि किती वर्षे, असे स्पष्ट लिहावे.

३) पॉलिसी आल्यावर सोबतची प्रस्तावपत्राची प्रत तपासावी. पॉलिसी पसंत नसल्यास ती परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात. चूक दिसली तर याच मुदतीत कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी.

४) जुन्या पॉलिसीत चुकीचा मजकूर गेला असेल तर तोही आजच लेखी कळवावा. हप्ता वाढेल, पण कुटुंबाच्या मागे दावा अडण्याची शक्यता कमी होईल.

५) पॉलिसी घेतल्यावर व्यसन लागले, तर त्याविषयी आपल्या पॉलिसीच्या अटी काय आहेत ते वाचावे. हप्ता चुकवून पॉलिसी बंद पडू देऊ नये.

६) दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तेथे दाद न लागल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, आणि तक्रारीला शुल्क नाही. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

७) रुग्णालयात डॉक्टरांपासून काहीही लपवू नये. विम्याच्या भीतीने तेथे खोटे सांगणे म्हणजे पैशासाठी जीव पणाला लावणे.

पत्र लिहिणाऱ्या वाचकाला माझे उत्तर थोडक्यात असे. चार विड्या असल्या तरी 'होय' लिहा, वाढीव हप्ता भरा आणि विमा घ्या. विमा आपल्यासाठी नसतो, आपल्यामागे राहणाऱ्यांसाठी असतो. त्यानंतर विडी सोडण्याच्या मागे लागा. पुढच्या वर्षी तुम्हाला त्याच रकान्यात 'नाही' असे खरेखुरे लिहिता आले, तर मला जरूर कळवा.